लवूच्या नावाचा अर्धा पैसा

सावित्रीचा राग म्हणजे नारळाच्या सोडणाचा विस्तव. वरून बघाल तर राखेशिवाय काही दिसायचं नाही, पण हात घालाल तर चटका बसेल. लग्न होऊन धामापुरात आली तेव्हापासून हा विस्तव धुमसत होता, आणि त्याला वारा घालायचं काम करत होतं जयराम मास्तरांचं लाकडी कपाट.

कपाटात होती नाणी. सोन्याचांदीची असती तर निदान चारचौघींत सांगायला बरं. पण मास्तरांना नाद होता तो चिल्लरीचा. पै, अर्धा पैसा, पैसा, मधे भोक असलेला पैसा, पोर्तुगीज आमदानीत गोव्यातून इकडे घरंगळत आलेली तांब्याची नाणी. मोठ्या नाण्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. देवळातल्या आरतीच्या तबकात एखादी काळी पै पडली की पुजाऱ्याला कडक नोट देऊन ती उचलायची. मालवणच्या बाजारात मोडीचा माल विकणाऱ्यापुढे अर्धा दिवस उकिडवं बसायचं. कुणाची म्हातारी गेली की तेराव्याचं जेवण जेवता जेवता तिच्या बटव्याची चौकशी करायची. लोक तोंडावर मास्तर म्हणत आणि पाठ वळली की 'चिल्लर मास्तर'. मास्तरांना ते ठाऊक होतं आणि ते त्यांना आतून लागत असे, पण नाद काही सुटला नाही.

माणसाला नाद असावा, त्याबद्दल सावित्रीची तक्रार नव्हती. पण आजारी बायकोच्या कपाळाला हात लावायला ज्याला सवड होत नाही, तो माणूस काळ्या पडलेल्या पैला कापसाच्या गादीवर निजवतो, हे बघून कुठली बाई सुखावेल? 'कपाटाक हात लावशीत तर बघ', हे वाक्य अंगावरची हळद उतरायच्या आत तिनं ऐकलं होतं. तेव्हापासून तिनं कपाटाची धूळसुद्धा पुसली नाही. मास्तरांना वाटे बायको आज्ञेत आहे. होती कसली, ती हट्टाला पेटली होती.

तिचंही एक नाणं होतं. ते कपाटात नव्हतं, देवघराच्या खुंटीला हळदीच्या फडक्यात बांधलेलं होतं. त्याची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं म्हणजे एका बाईचा आततायीपणा वाटेल.

सावित्रीचं माहेर देवबागचं. तिला एकच भाऊ, लवू. लढाईच्या दिवसांत तो मुंबईला जाऊन बोटीवर लागला, तेव्हा मिसरूडही धड फुटलं नव्हतं आणि सावित्री परकर सावरत त्याच्यामागे पुळणीवरून धावत गेली होती. जाताना लवूनं आईच्या हातावर बाजारातली उरलेली मोड ठेवली. तिच्यात एक अर्धा पैसा होता, टांकसाळीतून नुकताच आलेला, लालबुंद. आईनं तोच उचलला, रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं की माझा झिल घरी येऊ दे, आला की हे नाणं तुझ्या पायाशी ठेवीन, आणि हळदीच्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधली. आमच्याकडे याला नाणं काढून ठेवणं म्हणतात. एकदा गाठ मारली की माणूस परत येईपर्यंत ती सोडायची नाही. आला की नाणं सोलांच्या, म्हणजे आमसुलांच्या, पाण्यानं लखलखीत घासायचं आणि मग देवाला द्यायचं. देवाच्या दारात काळं, कळकट काही न्यायचं नसतं.

लवू आला नाही. बोट बुडाली म्हणावं तर कागद आला नाही, आणि तो जिवंत आहे म्हणावं तर दोन ओळीही आल्या नाहीत. आई वाट बघत म्हातारी झाली. मरताना तिनं पुरचुंडी सावित्रीच्या हातात दिली आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता म्हणून नुसती मूठ मिटून घेतली तिची. ती मूठ सावित्रीनं धामापूरला आणून देवघराच्या खुंटीला टांगली. दर सोमवारी दिवा लावताना ती पुरचुंडीला बोट लावी. लवू आता साठी ओलांडलेला असेल, दात पडले असतील, बायको कुठली केली असेल, असं काहीबाही तिच्या मनात येई. आणि राग येई. दोन ओळी लिहायला काय हात मोडले होते मेल्याचे?

तर या घरात एक दिवस कोल्हापूरचे कारखानीस येणार असं कार्ड आलं.

कारखानीस म्हणजे नाण्यांतला मोठा माणूस, असं मास्तर सांगत. कुठलं नाणं खरं, कुठलं खोटं, कशाला काय मोल, हे त्यांनी सांगावं आणि बाकीच्यांनी मान डोलवावी. त्यांचं दिवाळीत कोल्हापुरात प्रदर्शन होतं. मास्तरांचा संग्रह पसंत पडला तर एक आख्खं टेबल मिळणार होतं, वर पाटी, पाटीवर नाव. कार्ड आल्यापासून मास्तर घरात तरंगत होते. अंगण सारवून घेतलं, पावण्यांसाठी सुरमई सांगून ठेवली, आणि ज्या सकाळी त्यांना आणायला मालवणच्या स्टँडवर जायचं होतं त्या सकाळी एक नवल घडलं. मास्तरांनी कपाट उघडलं, तांब्याच्या नाण्यांचा खण बाहेर काढला आणि बायकोला म्हणाले की टेबलावर पांढरी चादर घाल आणि ही नाणी नीट मांडून ठेव, माझ्याच्यानं आता व्हायचं नाही, गाडी चुकेल.

सावित्री त्या खणाकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांनी का होईना, या माणसानं आपल्या हातात काही दिलं. राग कुठल्या कुठे गेला, हे तिलाच पटेना. तिनं चादर घातली, पदर खोचला आणि नाणी मांडायला घेतली. ती बघते तर काय, एकेक नाणं चुलीतून काढल्यासारखं काळंमिट्ट. राजाचं तोंड कुठलं नि फुलं कुठली, काही कळायला मार्ग नाही. असलं पावण्यापुढे ठेवायचं? पावणे येणार म्हणून तिनं पहाटेच समई, तांब्या, घंगाळ घासून काढलं होतं. सोलांचं पाणी अजून वाडग्यात होतं. तिनं खण मागल्या दारी नेला, राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि एकेक नाणं असं घासलं, असं घासलं की बोटं झोंबायला लागली. दुपारी चादरीवर मांडली तेव्हा टेबल लाल सोन्यासारखं झळकत होतं. तिला वाटलं, आज हे मला नावं ठेवणार नाहीत.

करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

कारखानीस आले, भले गृहस्थ, हातात चामडी बॅग, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. टेबलाजवळ आले आणि जागीच थांबले. एक नाणं उचललं, ठेवलं. दुसरं उचललं, ठेवलं. मग भिंग सोडून दिलं आणि हळू आवाजात विचारलं, "ही कुणी घासली?"

मास्तरांच्या तोंडचा रंग उडाला. कारखानीसांनी समजावून सांगितलं, आणि सांगितलं तेही सभ्यपणे, की तांब्यावर वर्षांनी जो तपकिरी रंग चढतो ती त्याची कातडी. ती सोलून काढली की नाणं मेलं. संग्रह करणारा कुणी ते हातात धरणार नाही. आता या खणाला मोडीचा भाव, त्याहून जास्त नाही.

मास्तर सावित्रीकडे वळले. मालवणीत चार शिव्या घातल्या असत्या तर तिनं ऐकून घेतल्या असत्या, उलट दोन दिल्याही असत्या. पण ते पावण्याकडे बघून, कचेरीतल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "माफ करा हं. आमची ही अडाणी आहे. हिला काही कळत नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्या भाषेत, परक्या माणसापुढे, जणू ती गोठ्यातली म्हैस आहे आणि तिनं दावणीतला कडबा तुडवला. ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. आत सुरमई कढत होती, तिला तिनं ढवळलंही नाही.

कारखानीस सुस्वभावी. वहिनींनी आपल्यासाठीच कष्ट घेतले, असं काहीतरी बोलले आणि आणखी काही दाखवण्यासारखं आहे का ते विचारलं. बुडत्या मास्तरांना काडी सापडली. म्हणाले, एक आहे, ते मी बाहेर काढलंच नव्हतं. आणि कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी कापूस घातलेली काड्यापेटी काढली.

कारखानीसांनी भिंग लावलं आणि खुर्चीत पुढे सरसावले. नाणं उलटसुलट फिरवून बघितलं. मग म्हणाले की हा अर्धा पैसा, या सालचा, त्यांनी असा कधीच पाहिला नव्हता. सहसा झिजून चपटा झालेला मिळतो. याला तर कुणाचा हातच लागलेला नाही. रंग बघा, जांभळट तपकिरी, कडेला मूळचा लालपणा अजून शिल्लक. "हा वापरात आलाच नाही, मास्तर. कुणीतरी हा नवा असतानाच कशात तरी गुंडाळून ठेवला, आणि विसरून गेला. कुठे होता?"

"घरातच होता," मास्तर म्हणाले. "हळदीच्या फडक्यात."

स्वयंपाकघराच्या दारात सावित्रीनं चौकट धरली. मग ती देवघरात गेली. खुंटीवरची पुरचुंडी होती तिथेच होती, फुगीर, पिवळी. तिनं ती खाली घेतली. गाठ आईची नव्हती. आई दोनदा वळसा घालून मारायची, ही सरळ पोरासोरांची गाठ होती, आणि इतके सोमवार बोट लावूनही हे आपल्या लक्षात आलं नाही, याचा तिला सगळ्यांत आधी राग आला, स्वतःचा. तिनं गाठ ओढली. आत चार आण्यांचं पांढरं नाणं होतं.

मे महिन्यात ती आंबोलीला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. तेव्हाच केलं असणार.

ती बाहेर आली तेव्हा टेबलावर कारखानीसांची बॅग उघडी होती. त्यांनी एक गोव्याचं जुनं, सुपारीएवढं नाणं काढून ठेवलं होतं. मास्तर त्याच्याकडे लहान मूल मिठाईकडे बघतं तसे बघत होते. ते नाणं ते कित्येक वर्षं शोधत होते, हे सगळ्या धामापूरला माहीत होतं. अदलाबदल ठरत आली होती. शिवाय प्रदर्शनातलं टेबल पक्कं, असंही कारखानीस म्हणाले होते.

सावित्रीनं चार आणे चादरीवर ठेवले. आवाज झाला.

"ह्यां तुमचां," ती म्हणाली. "माझ्या आयेचां माका द्या."

मास्तर चपापले, मग हसले, मग पावण्याला सांगू लागले की काही नाही, जुनी समजूत आहे यांच्याकडची. कारखानीसांना गंमत वाटली नाही. त्यांनी काय समजूत ते विचारलं. सावित्रीनं दोन वाक्यांत सांगितलं, भाऊ बोटीवर गेला, तो येईपर्यंत हे सोडायचं नव्हतं. कारखानीसांनी भिंग खाली ठेवलं. पण नाणं ठेवलं नाही.

"अगो, मी काय चोरी केलंय?" मास्तर आता मालवणीवर आले. "अर्ध्या पैशाच्या जागेर चार आणे ठेवलंय. बत्तीस पटीन जास्त. देवाचा नुकसान खंय झाला?"

हा हिशोब सावित्रीनं ऐकला. जन्मभर याच माणसानं सगळ्या गावाला पढवलं होतं की नाण्याची किंमत त्याच्यावर लिहिलेल्या आकड्यात नसते. आणि बायकोच्या नाण्यापाशी आल्यावर त्याला आकडा आठवला. चोर तो चोर, वर देवाला बत्तीस पट नफा.

"लवू येतलो तेवा देवाक काय सांगू?" ती म्हणाली. "घोवान बदललां म्हणान सांगू?"

"लवू काय येवचो नाय," मास्तर म्हणाले. "तुकाय ठावक आसा."

झालं. जे इतक्या वर्षांत कुणी बोललं नव्हतं, आई बोलली नव्हती, सावित्री स्वतःशीही बोलली नव्हती, ते या माणसानं एका सुपारीएवढ्या नाण्यासाठी बोलून टाकलं. तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? पण ठाऊक असणं वेगळं आणि गाठ सोडणं वेगळं. गाठ होती तोवर लवू कुठेतरी होता. दात पडलेला, बेपर्वा, कागद न पाठवणारा, पण होता. मास्तरांनी ती आंबोलीची संधी साधून सोडली आणि त्याला मारला.

रडू यायला हवं होतं. आलं नाही. डोकं इतकं निवांत झालं की तिलाच नवल वाटलं.

"माका एकदा बघूक द्या," ती कारखानीसांना म्हणाली.

त्यांना वाईट वाटलं होतं. त्यांनी लगेच नाणं पुढे केलं, फक्त सवयीनं म्हणाले, "कडेला धरा हं वहिनी. बोटाचा डाग पडतो."

तिनं कडेलाच धरलं. तशीच, घाई न करता, स्वयंपाकघरातून मागल्या दारी गेली. सोलांचं पाणी वाडग्यात होतं. राख होती. नारळाची शेंडी सकाळची ओलीच होती. मास्तरांना काय होतंय ते समजलं तेव्हा ते खुर्ची पाडून धावले, आणि उंबऱ्यात पोचेपर्यंत ती दगडावर बसून घासायला लागली होती.

ते ओरडले. तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, सगळा मालवणीत. ती घासत राहिली. तिनं राजाचं तोंड घासलं, मागची बाजू घासली, कड घासली. आईच्या हातची हळद गेली, वर्षं गेली, तो जांभळट रंग लाल पाण्यात उतरून दगडावरून वाहून गेला. मास्तरांनी तिचा हात धरायला हात पुढे केला आणि तिच्या तोंडाकडे बघून मागे घेतला.

तिनं नाणं पदराला पुसलं आणि आत जाऊन कारखानीसांपुढे ठेवलं. लवूनं आईच्या हातावर ठेवलं तेव्हा जसं होतं तसंच, लालबुंद.

"आता घेवा," ती म्हणाली.

कारखानीसांनी ते बघितलं. हात लावला नाही. आपलं गोव्याचं नाणं उचललं, रुमालात गुंडाळलं, बॅगेत ठेवलं आणि बॅग मिटली. म्हणाले, "वहिनी, हे आता माझ्या कामाचं नाही."

"मगे बरां झाला."

मास्तर खांबाला टेकून उभे होते. एकदम म्हातारे दिसत होते. म्हणाले, अगो, तू काय केलंस, तेची किंमत काय होती तुका कळता?

"आता तेची किंमत अर्धो पैसो," सावित्री म्हणाली. "आयेन बांधलां तेवा तितकीच होती."

कारखानीस जेवायला थांबले नाहीत. चारची गाडी मिळेल म्हणाले आणि निघताना सावित्रीला वाकून नमस्कार करून गेले. त्यामुळे मास्तरांना आणखीच झोंबलं. सुरमईची आमटी करपून गेली होती. दोघांनी ती तशीच खाल्ली, एकमेकांकडे न बघता.

तिन्हीसांजेला सावित्रीनं देवघरात दिवा लावला. नवं फडकं हळदीत भिजवून वाळवलं होतं. त्यात तिनं नाणं ठेवलं आणि गाऱ्हाणं घातलं. आईनं घातलं होतं तसं गोड नव्हे. देवाला सांगितलं की बा रवळनाथा, तो मेला असेल तर तुझ्याकडेच आहे, जिवंत असेल तर त्याच्या टाळक्यात घाल आणि घरी पाठव, आणि माझ्या घरात हात घालणाऱ्याला बघून घ्यायला मी समर्थ आहे, तू मधे पडू नको. मग तिनं हाक मारली.

मास्तर दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात अजून ते चार आणे होते.

"हयसर बोट धरा," ती म्हणाली.

पहिल्या गाठीवर कुणीतरी बोट धरल्याशिवाय दुसरी घट्ट बसत नाही. आईच्या गाठीवर लहानपणी तिनंच बोट धरलं होतं. मास्तर खाली बसले. ज्या बोटांनी ती गाठ सोडली होती त्यातलं एक बोट त्यांनी फडक्यावर ठेवलं. सावित्रीनं दोनदा वळसा घातला आणि दोन्ही टोकं अशी ओढली की बोट गाठीत सापडलं आणि नख पांढरं पडलं. मास्तरांनी बोट काढून घेतलं नाही.

तिनंही लगेच सोडलं नाही.